वाचकांचे प्रश्न : जन्माआधी कळलेला हृदयदोष

गरोदरपणातील सोनोग्राफीवर मागच्या अंकात दिलेल्या उत्तरांनंतर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक बाळाच्या हृदयाविषयी होती. हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष साधारण दर शंभर बाळांमागे एकात आढळतो. त्यांतील पुष्कळसे दोष, उदाहरणार्थ खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातील बारीक छिद्रे, किरकोळ असतात आणि आपोआप बुजतात. येथे निवडलेली पत्रे मात्र प्रामुख्याने दुर्मीळ आणि गंभीर दोषांची आहेत. ज्यांना तातडीने निर्णय घ्यायचे होते, त्यांना उत्तरे आधीच व्यक्तिशः कळवली आहेत. अंक महिन्याने निघतो, गरोदरपण तोपर्यंत थांबत नाही.

प्रश्न : माझी पत्नी २३ आठवड्यांची गर्भवती आहे. बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाल्याचे ॲनॉमली स्कॅनमध्ये (बाळाचे अवयव तपासणाऱ्या सोनोग्राफीत) दिसले आणि फीटल इकोमध्ये (पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या खास सोनोग्राफीत) ते पक्के झाले. परंतु बाळाचे वजन योग्य आहे, ठोके नियमित आहेत आणि ते भरपूर हालचाल करते. एवढा मोठा दोष असताना हे कसे शक्य आहे? शिवाय आत्ता पोटात काहीच उपचार होणार नसतील, तर हे आधी कळून आम्हाला चार महिने काळजी करण्यापलीकडे काय मिळाले?

उत्तर : पोटातले बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेमार्फत आणि नाळेवाटे. त्याच्या फुप्फुसांकडे थोडेच रक्त जाते. उरलेले रक्त दोन आडवाटांनी पुढे सरकते. पहिली आडवाट म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यातले छिद्र, आणि दुसरी म्हणजे फुप्फुसांकडे जाणारी फुप्फुस धमनी व शरीराला रक्त नेणारी महारोहिणी यांना जोडणारी डक्टस ही आखूड नळी. या दोन्ही वाटा उघड्या आहेत आणि वार आपले काम करते आहे, तोवर कोणती वाहिनी कोणत्या कप्प्यातून निघाली यावाचून बाळाचे फारसे अडत नाही. तुमच्या बाळाची वाढ चांगली आहे ती याच कारणाने.

नाळ कापल्यावर हे सारे काही तासांत पालटते. वारेचा आधार सुटतो, फुप्फुसे उघडतात आणि डक्टस पहिल्या दोन-तीन दिवसांत आकसत जाते. वाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल, तर शरीरातून आलेले निळे रक्त पुन्हा शरीरातच पाठवले जाते आणि फुप्फुसांतून आलेले लाल रक्त पुन्हा फुप्फुसांतच जाते. हे दोन्ही फेरे एकमेकांना न भेटता चालू राहतात. वरच्या पडद्यातले छिद्र पुरेसे मोठे नसेल, तर बाळ जन्मानंतर थोड्याच वेळात निळे पडते, आणि मग प्रश्न असतो तो फक्त वेळेचा.

आधी कळण्याचे मोल नेमके या वेळेत आहे. असे बाळ कुठे आणि कोणाच्या हाती जन्माला यायचे, हे ठरवता येते. डक्टस उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे औषध शिरेवाटे लगेच सुरू करता येते. या औषधाने काही बाळांचा श्वास मध्येच थांबतो, म्हणून बाळाजवळ सतत कोणीतरी असावे लागते. छिद्र अपुरे असेल, तर नाळेतील किंवा जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात, तिच्या टोकावरचा फुगा डाव्या वरच्या कप्प्यात फुगवतात आणि एका झटक्यात उजवीकडे ओढून पडदा फाडतात. ऐकायला हे दांडगाईचे वाटते. परंतु ज्या बाळाच्या हाताला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा पन्नाशीत अडकला होता, तो पुढच्या काही मिनिटांत सत्तर-ऐंशीच्या घरात चढताना पाहिला, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांचा सोडलेला नि:श्वास ऐकू येतो. अमेरिकेतील विल्यम रॅशकिंड यांनी ही पद्धत १९६६ साली मांडली. ब्राझीलचे शल्यचिकित्सक अदिब जातेने यांनी १९७५ साली वाहिन्या मुळाशी कापून योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली, आणि आज सर्वत्र तीच केली जाते. तीत हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या वाहिन्याही उचलून नव्या जागी बसवाव्या लागतात. सहसा ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते. अनुभवी केंद्रांत शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक बाळे त्यातून सुखरूप बाहेर पडतात आणि बहुतेकांचे बालपण इतर मुलांसारखे जाते; हृदयाची तपासणी मात्र आयुष्यभर ठेवावी लागते.

केवळ आधी कळल्याने फरक पडतो का, याचे उत्तर १९९९ साली पॅरिसहून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. ज्यांचा हा दोष जन्मानंतर कळला अशा २५० बाळांपैकी १५ बाळे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलीच नाहीत. ज्यांचा पोटात असतानाच कळला अशा ६८ पैकी एकही दगावले नाही. दोष तोच आणि शस्त्रक्रियाही तीच होती. चार महिन्यांच्या काळजीतून काय मिळाले, या तुमच्या प्रश्नाचे माझ्यापाशी याहून नेमके उत्तर नाही.

एक गोष्ट सोनोलॉजिस्टच्या श्रेयाची आहे. या दोषात हृदयाचे चारही कप्पे बहुधा जागच्या जागी आणि योग्य आकाराचे दिसतात, म्हणून केवळ चार कप्पे पाहून थांबणाऱ्याच्या हातून तो निसटतो. तपासनीस प्रोब किंचित डोक्याकडे सरकवतो, तेव्हा एरवी दोन वाहिन्या एकमेकींना ओलांडून जाताना दिसतात. येथे त्या शेजारी शेजारी, रुळांसारख्या समांतर निघालेल्या दिसतात. विसाव्या आठवड्यात हे सारे हृदय सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीचे असते आणि मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपास ठोके देत असते. तुमच्या तपासनिसाने तेवढ्यात हे टिपले.

प्रश्न : माझ्या २० आठवड्यांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका असल्याचे लिहिले आहे. बाकी सर्व ठीक आहे. तेव्हापासून मला झोप नाही.

उत्तर : झोपावे. हा ठिपका म्हणजे झडपेला धरून ठेवणाऱ्या स्नायूच्या टोकाशी असलेला चुन्याचा बारीक अंश असतो. तो ध्वनिलहरी जास्त परतवतो म्हणून पडद्यावर चमकतो. तो हृदयदोष नाही, त्याने हृदयाचे काम बिघडत नाही आणि जन्मानंतर त्याच्यावर कसलाही उपचार लागत नाही. गुणसूत्रांच्या दोषाशी त्याचा अगदी पुसट संबंध सांगितला जातो. परंतु तुमच्या पहिल्या तिमाहीतील चाचण्या सर्वसामान्य आल्या असतील आणि स्कॅनमध्ये दुसरे काहीच आढळले नसेल, तर एकट्या ठिपक्यासाठी पुढची तपासणी करण्याचे कारण उरत नाही. रिपोर्टमध्ये तो नुसता नोंदवून, त्याचा अर्थ न सांगता रुग्णाला घरी पाठवण्याची पद्धत मात्र मला कधीच पटलेली नाही.

प्रश्न : आमच्या मुलाच्या वेळी ॲनॉमली स्कॅन नॉर्मल होता. जन्मानंतरही सारे ठीक होते, तिसऱ्या दिवशी घरी आलो. नवव्या दिवशी त्याने दूध ओढणे सोडले, त्याला घाम येऊ लागला, पाय गार पडले. रुग्णालयात नेल्यावर महारोहिणी अरुंद असल्याचे कळले. शस्त्रक्रिया झाली आणि आता तो सात महिन्यांचा आहे, खेळतो आहे. नातेवाईक म्हणतात की सोनोग्राफी करणाऱ्याने हलगर्जी केली. तसे असेल का?

उत्तर : तुमच्या स्कॅनची चित्रे न पाहता हो किंवा नाही म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु गर्भात पकडण्यास सर्वांत कठीण अशा दोषांची यादी केली, तर महारोहिणीचा हा अरुंदपणा तीत अगदी वर बसेल, आणि त्याचे कारण तपासनिसाच्या डोळ्यांपेक्षा दोषाच्या स्वभावात अधिक आहे.

महारोहिणी अरुंद होते ती बहुधा डक्टस जिथे तिला मिळते त्याच ठिकाणी. पोटात डक्टस रुंद उघडी असते आणि शरीराच्या खालच्या भागाला रक्त तीच पुरवते, त्यामुळे त्या ठिकाणी अडथळा असा बहुधा नसतोच. जन्मानंतर डक्टस आकसताना तिच्याबरोबर महारोहिणीच्या भिंतीतही पसरलेले तिचे तंतू आकसतात आणि वाहिनी आवळली जाते. म्हणजे विसाव्या आठवड्यात जे पुरतेपणी अस्तित्वातच नव्हते, ते पडद्यावर दिसावे अशी अपेक्षा आपण करत असतो. तेव्हा दिसतात त्या फक्त खुणा: हृदयाची उजवी बाजू डावीपेक्षा मोठी भासते, महारोहिणीची कमान बारीक वाटते. या खुणांचाही पूर्ण भरवसा नाही. ज्या गर्भांत हा संशय घेतला जातो, त्यांतील पुष्कळ बाळांची महारोहिणी जन्मानंतर ठणठणीत निघते. म्हणून संशय असलेल्या बाळाला डक्टस पूर्ण बंद होईपर्यंत देखरेखीखाली ठेवून वारंवार इको करतात. तुमच्या बाळाच्या बाबतीत कोणाला तो संशय आला नाही, आणि तो यायला हवा होता असे मला पत्रावरून म्हणता येत नाही.

जन्मानंतर चोवीस तास उलटल्यावर बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला यंत्र लावून प्राणवायूचे प्रमाण मोजण्याची चाचणी आता अनेक ठिकाणी केली जाते. दोन्हीकडे आकडा ९५ च्या खाली राहिला, किंवा हात आणि पाय यांत तीनहून अधिक फरक सतत आढळला, तर इको करतात. ही चाचणी स्वस्त आहे, बाळाला दुखत नाही आणि तिने अनेक गंभीर दोष उघडकीस येतात. परंतु महारोहिणीचा अरुंदपणा तिच्यातूनही निसटू शकतो, कारण त्या वयात डक्टस अजून थोडी उघडी असू शकते. त्यापेक्षा जुनी, बोटांनी करायची तपासणी येथे जास्त बोलते: दोन्ही जांघांतील नाडी लागते का, आणि ती हाताच्या नाडीइतकीच भरलेली आहे का. बाळाला घरी सोडताना आणि पुढच्या भेटीत ही नाडी पाहणे कोणीही टाळू नये.

रिपोर्टविषयी माझी एक तक्रार जुनीच आहे. ‘हृदय सर्वसामान्य’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा तपासनिसाने चार कप्पे पाहिले, की दोन्ही वाहिन्यांचे उगम, तीन वाहिन्यांचा छेद आणि कमानही पाहिली, हे वाचणाऱ्याला कळत नाही. बाळ पाठ करून असेल, गर्भजल कमी असेल किंवा पोटाची भिंत जाड असेल, तर काही भाग दिसत नाही, आणि तसे लिहून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावण्यात कमीपणा नाही. तुमचा रिपोर्ट काढून पाहा. त्यात काय काय दिसले ते तपशिलाने लिहिलेले असेल, तर हलगर्जीचा आरोप मी करणार नाही.

प्रश्न : माझ्या पहिल्या मुलीच्या हृदयाचे ठोके २२ व्या आठवड्यात एकदम ५५ वर आले. नंतर माझ्या रक्तात अँटी-रो प्रतिपिंडे सापडली. मला स्वतःला डोळे कोरडे पडण्यापलीकडे काही त्रास नाही. मुलीला जन्मानंतर पेसमेकर बसवला, ती आता चार वर्षांची आहे. दुसऱ्या बाळाचा विचार करावा का?

उत्तर : अँटी-रो ही आईच्या शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडे आहेत. ती वारेतून बाळात जातात आणि काही बाळांच्या हृदयातील विद्युतसंदेश वाहून नेणाऱ्या पेशींना इजा करतात. वरचे कप्पे आपल्या गतीने चालतात, खालच्यांपर्यंत संदेश पोहोचत नाही, आणि ते आपल्या संथ लयीत धडधडत राहतात. हा बिघाड बहुतेक वेळा १८ ते २५ आठवड्यांच्या दरम्यान होतो. तोवर हृदयाची रचना पूर्ण झालेली असते, म्हणून चित्रात सारे जागेवर दिसते आणि बिघाड फक्त लयीत असतो. ही प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी शंभरांत एक-दोघींच्याच बाळाला असे होते. परंतु एकदा झाले असेल, तर पुढच्या वेळी ही शक्यता साधारण सहांत एक इतकी वाढते. म्हणजे पाच-षष्ठांश शक्यता चांगली आहे, हेही विसरू नये.

तुम्ही गर्भधारणेपूर्वी विचारलेत हे फार बरे केलेत, कारण या टप्प्यावर करण्यासारखे काही आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध गर्भारपणाच्या पहिल्या दहा आठवड्यांतच सुरू करून पुढे चालू ठेवल्यास, ज्यांचे आधीचे मूल बाधित होते अशा मातांमध्ये हा धोका कमी होतो, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले: अपेक्षित प्रमाण १८ टक्के होते, प्रत्यक्षात ते सुमारे ७ टक्के आढळले. अभ्यास लहान होता, परंतु औषध जुने आणि गर्भारपणात दीर्घकाळ वापरले गेलेले आहे. ते संधिवाततज्ज्ञांच्या सल्ल्याने, डोळ्यांची तपासणी करूनच घ्यावे. त्यानंतर १६ ते २६ आठवड्यांच्या काळात दर आठवड्या-दोन आठवड्यांनी फीटल इको करून वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या ठोक्यांमधले अंतर मोजतात. काही केंद्रे मातेला घरीच दिवसातून दोन-तीनदा छोट्या डॉप्लर यंत्रावर ठोके ऐकायला शिकवतात, कारण हा बिघाड दोन तपासण्यांच्या मधल्या एखाद्या दिवसातही होऊ शकतो. लय पुरती तुटल्यावर ती परत आणणारे खात्रीचे औषध नाही. अपुरी तुटलेली असताना स्टिरॉइड द्यावे की नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

‘विचार करावा का’ याचे उत्तर तुम्ही दोघांनी द्यायचे आहे. वैद्यकीयदृष्ट्या मी तुम्हाला अडवणार नाही.

प्रश्न : मी २१ आठवड्यांची गर्भवती आहे. बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नाही असे निदान झाले आहे. एका डॉक्टरांनी तीन शस्त्रक्रियांचा मार्ग सांगितला, दुसऱ्यांनी ‘आशा ठेवू नका’ म्हटले. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही बोलणे अपुरे आहे. हा दोष हृदयदोषांतील सर्वांत कठीण दोषांपैकी एक आहे, आणि त्यात बाळाचे हृदय ‘दुरुस्त’ होत नाही. उजव्या खालच्या कप्प्याला साऱ्या शरीराचे काम शिकवले जाते. पहिली शस्त्रक्रिया जन्मानंतर एक-दोन आठवड्यांत, दुसरी चार ते सहा महिन्यांच्या वयात आणि तिसरी दोन ते चार वर्षांच्या वयात होते. विल्यम नॉरवूड यांनी पहिल्या टप्प्याचे यश १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जगापुढे ठेवले. त्यापूर्वी ही बाळे सहसा पहिल्या काही आठवड्यांतच जात. उत्तर अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून सुमारे साडेपाचशे बाळांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयरोपणाविना एक वर्ष जगलेली बाळे शस्त्रक्रियेच्या एका पद्धतीत ७४ टक्के आणि दुसरीत ६४ टक्के होती. हे आकडे मोठ्या, अनुभवी केंद्रांचे आहेत. मोठी झालेली मुले शाळेत जातात, मित्र जोडतात. परंतु यकृत, हृदयाची लय आणि शिकण्यातल्या अडचणी यांकडे आयुष्यभर लक्ष द्यावे लागते, आणि काहींना पुढे हृदयरोपण लागते.

तुमच्या बाळापुरते दोन प्रश्न विचारा. पहिला, वरच्या कप्प्यांमधला पडदा मोकळा आहे का? तो बंद किंवा फार अरुंद असेल, तर फुप्फुसांतून येणारे रक्त अडते, फुप्फुसे पोटातच खराब होत जातात आणि निकाल बरेच वाईट असतात. फीटल इकोमध्ये फुप्फुसांच्या शिरांतील प्रवाह पाहून याचा अंदाज येतो. दुसरा, गुणसूत्रांची तपासणी झाली आहे का आणि इतर अवयव ठीक आहेत का? या दोन उत्तरांनंतरच वरची टक्केवारी तुमच्या बाळाला कितपत लागू पडते, हे कोणी सांगू शकेल.

कोठेतरी वाचून गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो: या दोषात आधी निदान झालेल्या बाळांचे निकाल काही अभ्यासांत नंतर निदान झालेल्यांपेक्षा सरस दिसत नाहीत. याचा अर्थ निदान निरुपयोगी असा होत नाही. जी बाळे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याआधीच, कोणाला काही कळण्यापूर्वी दगावतात, ती रुग्णालयाच्या हिशेबात येतच नाहीत. आणि अतिगंभीर रूपे सोनोग्राफीत सहज दिसतात, म्हणून आधी कळलेल्यांत ती जास्त असतात. आधी कळलेले बाळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर अधिक स्थिर अवस्थेत येते, एवढे मात्र बहुतेक अभ्यासांत दिसले आहे.

शस्त्रक्रिया न करता बाळाला वेदना होऊ न देता, तुमच्या कुशीत ठेवून निरोप देणे, हाही एक मान्य मार्ग आहे. गर्भपाताचा विचार कायदा आणि गर्भाचे वय यांच्या मर्यादेतच करता येतो. यांतील कोणताही मार्ग निवडणारे आईवडील मी पाहिले आहेत आणि त्यांतील कोणी बाळावर कमी माया करत होते असे मला वाटले नाही. पुढे जायचे ठरल्यास प्रसूती शस्त्रक्रियेच्या केंद्रातच व्हावी. नैसर्गिक प्रसूतीला सहसा अडचण नसते, आणि दुसरे कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होऊ द्यावेत, कारण लवकर जन्मलेल्या लहान बाळाला ही शस्त्रक्रिया अधिक जड जाते.

प्रश्न : माझ्या नातवाला हृदयातून दोनऐवजी एकच मोठी वाहिनी निघते असा दोष होता. तो पोटात असतानाच कळला, दीड महिन्याचा असताना शस्त्रक्रिया झाली. सूनबाई स्वतःला दोष देतात की पहिल्या महिन्यांत त्यांनी फार दगदग केली. खरेच तसे असेल का? पुढच्या वेळी काय करावे?

उत्तर : सूनबाईंना सांगा की दगदगीने हा दोष होत नाही. ती एकच वाहिनी दोन भागांत विभागण्याचे काम गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतच आटोपते, आणि ते अपुरे राहण्याचा आईच्या चालण्या-बसण्याशी, ओझे उचलण्याशी किंवा चिंतेशी संबंध नाही.

या विशिष्ट दोषात मात्र एक गोष्ट पाहायला हवी. अशा बाळांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शात २२ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गहाळ असतो. त्यामुळे रक्तातले कॅल्शियम कमी पडते, संसर्गांशी लढण्याची ताकद कमी असते, आणि पुढे बोलण्यात व शिकण्यात अडचणी येऊ शकतात. नातवाची ही तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी. त्याच्यात तो तुकडा नसल्याचे आढळले, तर आईवडिलांचीही रक्ततपासणी करावी. दर दहांपैकी साधारण एका कुटुंबात हा गुणसूत्रदोष आई किंवा वडिलांकडूनच आलेला असतो, आणि कधी कधी त्या व्यक्तीला स्वतःला काहीच जाणवलेले नसते. तसे असल्यास पुढच्या प्रत्येक बाळात तो येण्याची शक्यता निम्मी राहते. आईवडील दोघेही त्यातून मोकळे निघाले, तर पुढच्या बाळाला हृदयदोष होण्याची शक्यता शंभरांत तीन-चारांच्या आसपास धरतात.

पुढच्या गर्भधारणेपूर्वी सूनबाईंची साखर तपासून घ्या, रुबेलाची लस झाली आहे का ते पाहा, आणि त्या नियमित घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा. त्यानंतर १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान नेहमीच्या स्कॅनखेरीज वेगळा फीटल इको करून घ्यावा. काही केंद्रांत तो १४ व्या आठवड्याच्या सुमारासही करतात, परंतु लवकर केला तरी नंतरचा चुकवू नये.